बेटांच्या सहलीत भरती-ओहोटीच्या वेळाही कळवाव्यात

प्रति,
माननीय संपादक,

विषय : अंदमानच्या शांत किनाऱ्यांवरील पोहणे व स्नॉर्कलिंग आणि नागपूरहून निघणाऱ्या सहलींचे नियोजन

महोदय,

दिवाळी उलटली की आपल्या दैनिकात अंदमानच्या सहलींच्या जाहिराती दिसू लागतात आणि शाळांच्या वार्षिक परीक्षा संपेपर्यंत त्या कमी होत नाहीत. या जाहिरातींत आणि चौकशी केल्यावर घरी येणाऱ्या रंगीत पत्रकांत विमानांच्या वेळा, हॉटेलचा दर्जा, बेटावरही मिळणारे महाराष्ट्रीय जेवण आणि एखाद्या संध्याकाळची पुरणपोळी हे सारे इतक्या तपशिलाने दिलेले असते की वाचणाऱ्याला कशाचीच काळजी उरू नये. स्नॉर्कलिंग, म्हणजे मुखवटा व श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालची दुनिया पाहणे, मात्र एका शब्दात आटोपलेले असते : ‘समाविष्ट’. ते कोणत्या किनाऱ्यावर, किती वाजता आणि मुख्य म्हणजे त्या वेळी समुद्राला भरती असेल की ओहोटी, याविषयी एक अक्षरही नसते. मध्यमवर्गीय कुटुंबाची वर्षभराची शिल्लक ज्या सहलीत खर्ची पडते, तिचा सर्वांत सुंदर भाग अशा रीतीने योगायोगावर सोडून दिला जातो आणि त्याबद्दल ना सहल नेणारे बोलतात, ना जाणारे विचारतात. म्हणून हे पत्र.

मराठी माणूस अंदमानला जातो तो प्रथम सेल्युलर जेल पाहण्यासाठी. १९११ साली सावरकरांना जेथे आणले गेले, ती कोठडी एकदा डोळ्यांनी पाहावी ही आपल्याकडच्या कितीतरी ज्येष्ठांची जुनी इच्छा असते आणि त्यासाठी ते वाचून, टिपणे काढून, तयारीने जातात. पण श्री विजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, मागे टाकून बोट स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप या बेटांकडे निघाली की हीच अभ्यासू मंडळी निसर्गापुढे कोरी पाटी घेऊन उभी राहतात. (ही दोन बेटे २०१८ च्या डिसेंबरपर्यंत हॅवलॉक आणि नील या नावांनी ओळखली जात, पत्रकांत अजूनही तीच नावे आढळतात.)

शहीद द्वीप हे लहानसे, शेतीचे बेट आहे. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची येथे वस्ती झाली आणि येथील भाजीपाला आसपासच्या बेटांवर जातो. गावांची आणि किनाऱ्यांची नावे रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर अशी असल्याने रामटेकच्या यात्रेला जाणाऱ्या आम्हा नागपूरकरांना तेथे उगाचच ओळखीचे वाटते. यांपैकी भरतपूरचा किनारा धक्क्यापासून अगदी जवळ आहे. तेथे मोठ्या लाटा फुटत नाहीत, वाळू पांढरी आणि मऊ आहे, पाणी बऱ्याच अंतरापर्यंत उथळ राहते आणि काचेच्या तळाच्या बोटीही येथूनच सुटतात. समुद्रात प्रथमच उतरणाऱ्या, थोडेफार पोहता येणाऱ्या माणसासाठी याहून सोयीची जागा आपल्या देशात फारशी सापडणार नाही, असे माझे मत आहे.

याच किनाऱ्याविषयी आपल्या शहरात मात्र दोन टोकांची मते ऐकू येतात. एका कुटुंबाला तेथे छातीभर नितळ पाण्यात रंगीत माशांचे थवे दिसलेले असतात, तर त्याच महिन्यात गेलेल्या दुसऱ्या कुटुंबाच्या म्हणण्यानुसार तेथे घोट्याएवढे पाणी, चिखलट वाळू आणि टोचणारे खडक यांखेरीज काही नव्हते. दोन्ही कुटुंबे खरे बोलत असतात. अंदमानात दिवसातून दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी येते, भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात आणि दररोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत ती जवळजवळ सहा तासांनी पुढे जाते. याचा अर्थ असा की, ज्या शनिवारी सकाळी अकरा वाजता पाणी काठोकाठ भरलेले होते, त्याच्या पुढच्या शनिवारी सकाळी अकरा वाजता तेथे ओहोटी असणार. एकच किनारा, एकच वेळ, एकच सहल-संस्था आणि एकच मार्गदर्शक असूनही एका आठवड्याच्या फरकाने दोन गट अगदी वेगळा समुद्र पाहून परततात.

हा फरक एवढा मोठा का पडतो, हे समजण्यासाठी त्या शांत पाण्याचे कारण पाहावे लागते. या बेटांच्या कडेने प्रवाळांची रांग किनाऱ्याला लागूनच वाढलेली आहे. खुल्या समुद्रातून येणारी लाट या रांगेच्या बाहेरील कडेवर आपटून मोडते आणि आतील उथळ पट्ट्यावरून येताना तिचे उरलेसुरले बळही घर्षणात जिरते. जगभरातील अशा खडकांच्या मोजमापांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रवाळखडक लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा शोषून घेतात. म्हणजे ज्या निवांत पाण्यात आपण मुलांना निर्धास्तपणे सोडतो, ते पाणी निवांत ठेवण्याचे काम शेतातल्या बांधासारखे बाहेर कुणीतरी करत असते आणि तो बांध जिवंत आहे. त्याचा आतील पट्टा उथळ असल्यामुळेच ओहोटीच्या वेळी तो उघडा पडतो किंवा त्यावर वीतभर पाणी राहते. अशा वेळी तेथे पोहणे अशक्य, आणि चालणे त्याहून वाईट.

वाईट अशासाठी की, ओहोटीच्या वेळी पोहोचलेला पर्यटकांचा गट स्वस्थ बसत नाही. पुढे थोडे खोल पाणी दिसते, तेथवर चालत जावे असे प्रत्येकाला वाटते आणि वाटेतील प्रवाळांवर पाय पडतात. आपण ज्याला खडक समजतो, तो हजारो सूक्ष्म जीवांनी आपल्या देहातून चुना स्रवून बांधलेला असतो. फांद्यांसारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला फार तर काही सेंटिमीटर ते वीतभर वाढतात आणि घुमटासारखे भरीव प्रवाळ तर वर्षाला सेंटिमीटरभरच. तेव्हा डोक्याएवढा घुमट दिसला तर तो आपल्या घरातील महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाहून वयाने लहान नाही, असे बेलाशक धरून चालावे. एका टाचेने मोडलेली फांदी कोणी पाहिलेली नसते. पण हंगामात दररोज शेकडो टाचा पडल्या की त्या पट्ट्याचे काय होत असेल, ते सांगायला नको. मोडलेला तुकडा आठवण म्हणून पिशवीत टाकणाऱ्यांना हेही ठाऊक नसते की, हे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते ताडोब्याच्या वाघाच्या पंक्तीला बसतात. वाघाच्या क्षेत्रात गाडीतून खाली पाय ठेवायचा नाही हे नागपूरच्या लहान मुलालाही माहीत आहे. प्रवाळाच्या बाबतीत ते आम्हाला कोणीच सांगितलेले नाही.

त्यातच या प्रवाळांचे दिवस आधीच कठीण आहेत. समुद्राचे पाणी उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभराने जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळांच्या देहात राहून त्यांना अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरेफटक पडतात. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी हे घडले. त्यांतले २०१० चे संकट विशेष मोठे होते. २०२४ च्या एप्रिलमध्ये तर जगभरातील प्रवाळांवर असे संकट चौथ्यांदा आल्याचे जाहीर झाले. पाणी तापण्यावर नागपूरच्या पर्यटकाचा थेट इलाज नाही, परंतु ओहोटीच्या वेळी त्या पट्ट्यावर न चालणे त्याच्या हातात आहे. अट एवढीच की, त्याला ओहोटीच्या वेळी तेथे नेऊन सोडू नये.

येथे सहल-व्यावसायिकांची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. बेटांदरम्यान धावणाऱ्या बोटींच्या वेळा ठरलेल्या असतात, हंगामात तिकिटे आगाऊ काढावी लागतात, चाळीस माणसांच्या गटासाठी ती एकत्र मिळणे अवघड असते आणि हवामान बिघडले तर फेरीच रद्द होते. त्यामुळे शहीद द्वीप हे अनेकदा सकाळी पोहोचून दुपारी परतण्याचे ठिकाण होऊन बसते आणि त्या तीन-चार तासांत जेवण, लक्ष्मणपूरची नैसर्गिक दगडी कमान आणि भरतपूरचे स्नॉर्कलिंग असे सारे कोंबावे लागते. पण एवढ्या अडचणी मान्य करूनही क्रम बदलणे शक्य असते. लक्ष्मणपूरची कमान आणि तिच्या पायथ्याशी खडकांच्या खळग्यांत अडकलेले मासे, खेकडे, समुद्री काकड्या हे ओहोटीलाच पाहायचे असते. भरतीत तेथे जाण्यात अर्थ नाही. भरतपूरचे पाणी भरतीला पाहायचे असते. दोन्ही ठिकाणे एकाच बेटावर, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत. कोणते आधी आणि कोणते नंतर हे जेवणाच्या वेळेऐवजी समुद्राच्या वेळेवरून ठरवले, तर कोणाचाही एक रुपया अधिक खर्च होत नाही. ज्यांना शक्य असेल त्यांनी बेटावर एक रात्र मुक्काम करावा. मग दोन भरत्यांपैकी एक तरी दिवसाउजेडी हाती लागते.

भरतीच्या वेळा ही काही गुप्त माहिती नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग त्यांची कोष्टके वर्षभर आधी प्रसिद्ध करतो आणि हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र समुद्राच्या स्थितीचा अंदाज देत असते. ज्यांना एवढ्या खोलात शिरायचे नाही, त्यांच्यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरेशी आहे. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, म्हणजे पाणी खूप वर चढते आणि ओहोटीला खूप खाली उतरते; अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे चढउतार दोन्ही बेताचेच राहतात. कोकणातला कोळी हे बालपणापासून जाणतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा तिकडचा ठोकताळा अंदमानच्या घड्याळाला लागू पडणार नाही, पण उधाण आणि भांग यांचा हिशेब चंद्राचा असल्याने तो तेथेही तसाच चालतो. बोटीच्या वेळेपुढे आपले काही चालणार नसेल, तर सहलीची तारीख निवडताना भरतपूरचा दिवस अष्टमीच्या एक-दोन दिवस पुढेमागे येईल असे पाहावे. ओहोटी असली तरी पाणी अगदीच पळून जाणार नाही. पौर्णिमेला जाऊन चांदण्यातला समुद्र पाहण्याची हौस असलेल्यांना मी अडवू इच्छित नाही. त्यांनी फक्त दुपारच्या उघड्या खडकांबद्दल तक्रार करू नये.

वेळेसंबंधी आणखी एक गोष्ट नागपूरकरांना सांगावीशी वाटते. घड्याळ तेच असले तरी सूर्य तेथे आपल्यापेक्षा सुमारे तासभर आधी उगवतो आणि डिसेंबरात पाचच्या सुमारास मावळतोसुद्धा. पाण्याखाली रंग दिसायचे तर ऊन डोक्यावर हवे. तिरप्या उन्हात पाणी उजेड परतवून लावते आणि खाली सारे निळसर करडे दिसते. सहलीला आल्यावर नऊला उठून, साडेदहाला नाश्ता आटोपून, अकराला निघणारी आपली मंडळी दिवसाचा उत्तम भाग खोलीतच घालवतात. ऋतूचेही तसेच. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत समुद्र सहसा शांत आणि पाणी नितळ असते. मे महिन्यात सुट्ट्या लागतात म्हणून निघणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, विदर्भात पाऊस पोहोचण्याच्या तीनेक आठवडे आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, नैर्ऋत्य मोसमी वारे अंदमानात दाखल होतात. वारा ज्या दिशेकडून येतो त्या बाजूचा किनारा खवळतो आणि बेटाच्या आडोशाचा शांत राहतो. म्हणून डिसेंबरात ऐकलेली ‘अमुक किनारा शांत असतो’ ही माहिती मेअखेरीस विश्वसनीय नसते. तेथील नावाड्याला विचारावे, तो खरे सांगतो.

भरती, ऊन आणि वारा जुळून आले म्हणजे त्या पाण्यात काय दिसते, हे सांगितल्याशिवाय माझा हा सारा खटाटोप कळणार नाही. भरतपूरच्या कडेला किंवा स्वराज द्वीपाच्या एलिफंट बीचवर कमरेएवढ्या पाण्यातून पुढे जाऊन तोंड पाण्याकडे करून तरंगले, की किनाऱ्यावरचा गोंगाट एका क्षणात बंद होतो आणि नळीतून जाणारा स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. काळे-पिवळे पट्टे असलेले लहान मासे आपणहून जवळ येतात. थोडे थांबले की प्रवाळाच्या फटींतून इतर बाहेर पडतात : जोडीजोडीने फिरणारे फुलपाखरी मासे, समुद्रफूल नावाच्या, फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या विषारी भुजांत निर्धास्त वावरणारा नारिंगी-पांढरा क्लाउनफिश, आणि हिरव्या-निळ्या रंगाचा पोपटमासा. या शेवटच्यावर मी जास्त वेळ काढते. तो चोचीसारख्या दातांनी खडक खरवडून त्यावरचे शैवाल खातो, त्याचा करकर असा आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो आणि पोटात गेलेला चुना तो बारीक वाळू करून मागे टाकतो. ज्या पांढऱ्या वाळूवर बसून आपण छायाचित्रे काढतो, तिचा बराचसा भाग अशा माशांच्या पोटातून आलेला आहे, हे ऐकल्यावर आमच्या गटातील दोघीजणी वाळूवरून उठून उभ्या राहिल्या होत्या. खडकाच्या खोबणीत रुतून बसलेला, निळ्या-जांभळ्या मखमली ओठांचा मोठा शिंपला आपली सावली पडताच मिटतो. वाळूवर समुद्री गवताची कुरणेही दिसतात. अंदमानचा राज्यप्राणी असलेली समुद्रगाय, म्हणजे डुगाँग, याच गवतावर जगते, पण ती दिसण्याची आशा मनात धरून जाऊ नये.

हे सारे पाहायला वेळ लागतो. ‘समाविष्ट’ या सदरातील स्नॉर्कलिंग मात्र बहुधा असे होते : रबरी कडे धरलेल्या दोन-तीन पर्यटकांना मार्गदर्शक ओढत आत नेतो, मोबाइलवर छायाचित्रे काढतो आणि पुढचा गट वाट पाहत असल्याने पंधरा-वीस मिनिटांत परत आणतो. त्यातील पहिली दहा मिनिटे नाकाने श्वास घेण्याची सवय मोडण्यात आणि ठसका लागून खारे पाणी थुंकण्यात जातात. मार्गदर्शकांना मी दोष देत नाही; पोहता न येणाऱ्या माणसाला सुखरूप आत नेऊन बाहेर आणणे हे कौशल्याचे काम ते दिवसभर करतात. दोष असलाच तर तो आपल्या तयारीचा आहे, आणि ही तयारी नागपुरातच, समुद्रापासून शेकडो किलोमीटरांवर, उत्तम होऊ शकते.

मी शहरात सकाळी नियमित पोहणाऱ्या महिलांच्या गटात असते, त्यामुळे हे अनुभवाने सांगू शकते. जलतरण तलावाच्या उथळ बाजूला उभे राहून, मुखवटा आणि नळी लावून, तोंड पाण्यात घालून फक्त तोंडाने श्वास घ्यायला शिकणे हे चार-पाच सकाळींचे काम आहे. मग काठ धरून पालथे तरंगणे, नळीत शिरलेले पाणी एका जोरकस फुंकरीने बाहेर उडवणे आणि मुखवट्यात पाणी आले तर न घाबरता उभे राहून ते काढून टाकणे एवढे जमले की पुरे. ज्याला हे तलावात जमले त्याला समुद्रात अधिक सोपे जाते, कारण खाऱ्या पाण्यात शरीर जास्त तरंगते. मुखवटा शक्यतो स्वतःचा न्यावा. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास आत ओढला असता तो चिकटून राहिला, तर तो आपल्या मापाचा. मिशा असलेल्या पुरुषांच्या मुखवट्यात पाणी हटकून झिरपते. त्यांनी मिशीवर थोडे व्हॅसलीन लावावे, किंवा मिशीचा प्रश्न घरात चर्चेला घ्यावा. चष्मा मुखवट्याच्या आत बसत नाही, पण नंबरच्या काचांचे मुखवटे मिळतात आणि ज्यांचा नंबर मोठा आहे त्यांनी ते जरूर घ्यावेत, नाहीतर एवढ्या दूर जाऊन धूसर रंग तेवढे पाहून परतावे लागेल.

पोशाखाबद्दल आमच्या मैत्रिणींना स्पष्टच सांगते. ओढणी, साडी किंवा सैल सलवार घालून पाण्यात उतरणे हे संकोचापोटी होते, पण ओले कापड पायांत गुंडाळले जाते आणि ते धोक्याचे आहे. मनगट आणि घोट्यापर्यंतचा, अंगाबरोबरचा पोहण्याचा पोशाख आता नागपुरातही सहज मिळतो. त्यात अंगही झाकते, प्रवाळाचे ओरखडेही टळतात आणि पाठ उन्हाने भाजत नाही. शिवाय अंगभर लोशन फासावे लागत नाही, हा फायदा वेगळाच. उन्हापासून संरक्षण देणाऱ्या काही लोशनांतील ऑक्सिबेन्झोनसारखी रसायने प्रवाळांना घातक ठरतात म्हणून पलाऊ देशाने २०२० पासून आणि हवाई राज्याने २०२१ पासून त्यांच्यावर बंदी घातली आहे.

साठी ओलांडलेल्यांनी, विशेषतः रक्तदाब किंवा हृदयविकाराची औषधे चालू असणाऱ्यांनी, निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि पाण्यात दम लागतो आहे असे वाटताच लगेच बाहेर यावे. नळीतून श्वास घेण्यास नेहमीपेक्षा अधिक जोर लागतो, ही गोष्ट कोणी सांगत नाही.

पाणी शांत आहे म्हणून ते निर्धोक आहे असे समजू नये. ओहोटी लागल्यावर आतले सारे पाणी प्रवाळांच्या रांगेतील मोजक्या खिंडींतून बाहेर धावते आणि त्या ओढीपुढे चांगला पोहणाराही थकतो. म्हणून भरतीचे शेवटचे दोन तास आणि पाणी स्थिरावण्याचा काळ हीच पाण्यात राहण्याची वेळ. खडकांच्या फटीत लांब काळ्या काट्यांचे सी-अर्चिन असतात, तेव्हा हात कोठेही घालू नयेत. खाऱ्या पाण्यातील मगर हा अंदमानातील खरा धोका आहे. २०१० साली स्वराज द्वीपावर राधानगरच्या जवळ स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. खाडी आणि खारफुटीच्या आसपास पाण्यात उतरू नये आणि किनाऱ्यावर सूचनाफलक लावला असेल तर त्याच्याशी वाद घालू नये. राधानगर किनाऱ्याला २०२० साली ब्लू फ्लॅग हे स्वच्छ व सुरक्षित किनाऱ्यांचे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले आहे आणि तो देखणा आहेच, पण तेथे खुल्या समुद्राच्या लाटा येतात. तो फिरण्याचा, सूर्यास्ताचा, आखून दिलेल्या भागात डुंबण्याचा किनारा आहे. प्रवाळ पाहण्याच्या आशेने तेथे जाऊ नये, निराशाच होईल.

नियम घातले तर पर्यटक दुखावतात, अशी भीती सहल-व्यावसायिक बोलून दाखवतात. वंडूरजवळचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान हे त्यावर उत्तर आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या या उद्यानात पंधरा बेटे आहेत. त्यांतील जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटे वर्षाच्या वेगवेगळ्या काळात आळीपाळीने पर्यटकांसाठी खुली ठेवली जातात, म्हणजे एकाला विश्रांती मिळते. तेथे जाण्यास परवाना लागतो आणि प्लास्टिक नेता येत नाही. एवढे असूनही बोटी भरून जातात आणि परतणारा प्रत्येकजण तेथील पाण्याचे गुणगान करतो.

अंदमान परवडत नाही किंवा दूर पडते असे वाटणाऱ्यांसाठी मालवण आहेच. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले असून तेथेही प्रवाळ आणि मासे पाहता येतात. पाण्याची नितळता मात्र अंदमानइतकी अपेक्षू नये. लक्षद्वीपची खाजणे, म्हणजे प्रवाळांच्या आडोशाला असलेले उथळ पाणी, तर पोहण्यासाठी अधिकच शांत आहेत, परंतु प्रवेश-परवाना आणि मर्यादित निवासव्यवस्था पाहता तेथे गटाने जाणे सध्या तरी सोपे नाही.

तेव्हा माझ्या मागण्या मोजक्याच आहेत. नागपुरातील सहल-व्यावसायिकांनी बेटांवरील प्रत्येक दिवसासमोर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा पत्रकात छापाव्यात आणि पोहण्याचा कार्यक्रम त्यानुसार लावावा. निघण्यापूर्वीच्या मेळाव्यात सामानाच्या वजनाबरोबर प्रवाळांवर न चालण्याविषयीही दोन मिनिटे बोलावे. शहरातील सार्वजनिक आणि क्लबांच्या जलतरण तलावांनी हिवाळ्यात, निदान मोठ्यांसाठी, मुखवटा व नळीच्या सरावाचा आठवडाभराचा वर्ग सुरू करावा. उन्हाळी शिबिरे मुलांनी भरून वाहतात. पन्नाशीतल्या माणसाला पाण्यात तोंड घालायला शिकवणारे मात्र कोणी नाही आणि अंदमानला जाणाऱ्यांत याच वयाची माणसे जास्त असतात.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. डिसेंबर ते एप्रिल या काळात हवामानाच्या चौकटीखाली श्री विजयपुरमच्या आठवडाभराच्या भरतीच्या वेळा द्याव्यात. नागपूरच्या वृत्तपत्रात समुद्राच्या भरतीच्या वेळा पाहून काही वाचक हसतील, हे मी गृहीत धरले आहे. परंतु त्याच पानावर अंदमानच्या जाहिराती असतात, त्यामुळे ती चौकट कोणासाठी आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही, आणि जागाही चार-पाच ओळींहून अधिक लागणार नाही.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक,
धरमपेठ, नागपूर